आज्ञावली लिहिण्यापूर्वी ती वाचावयास शिकवावी

आज्ञावली-लेखनाचा वर्ग सुरू होऊन तीन-चार आठवडे लोटले, की त्या वर्गाचे दोन भाग पडलेले दिसू लागतात. काही मोजके विद्यार्थी भराभर पुढे जातात. उरलेले फळ्यावरील ओळी वहीत उतरवून घेतात, संगणकापुढे बसून त्या जशाच्या तशा टंकित करतात, यंत्र त्या नाकारते, आणि का नाकारते हे त्यांस उमगत नाही. महिना संपता संपता ह्या दुसऱ्या गटातील मुलाने मनाशी एक निर्णय घेतलेला असतो : हे काम आपल्या डोक्याचे नव्हे. पुष्कळदा शिक्षकही तोच निर्णय देऊन मोकळे होतात. हा निर्णय बहुधा चुकीचा असतो, आणि अध्यापनातील एक मोठी उणीव त्याच्याआड झाकली जाते. विद्यार्थ्यास आज्ञावली वाचावयास न शिकविताच ती लिहावयास बसविले जाते, ही ती उणीव होय.

एखादे काम पायरीपायरीने कसे करावे हे संगणकास सांगणाऱ्या क्रमवार आज्ञा म्हणजे आज्ञावली. इंग्रजीतून रूढ झालेला ‘प्रोग्रॅम’ तो हाच. भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर ह्या विषयाचा आरंभ करावा असे सुचविले. पूर्वी जो निवाडा महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर होत असे, तो आता अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींच्या बाबतीत होऊ लागेल. त्या वयात एकदा ‘मला हे येत नाही’ असे मनाने घेतले, की ते पुसून काढणे किती कठीण असते, हे गणिताच्या शिक्षकांस सांगावयास नको.

ह्या विषयात अपयश किती येते, ह्याची मोजणी झालेली आहे. इंग्लंडमधील डरॅम विद्यापीठाचे क्रिस्टोफर वॉटसन व फ्रेडरिक ली ह्यांनी २०१४ मध्ये १५ देशांतील १६१ प्रारंभिक अभ्यासक्रमांचे निकाल एकत्र करून पाहिले. सरासरीने शंभरांतील सुमारे ६८ विद्यार्थी उत्तीर्ण झाल्याचे त्यांना आढळले. एक तृतीयांशाच्या आसपास हे अपयश काही अभूतपूर्व नव्हे; महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाचे इतर अवघड विषयही विद्यार्थ्यांस अडवितातच. फरक आहे तो अपयशाच्या अर्थात. इतिहासात नापास झालेला विद्यार्थी प्रश्नपत्रिकेला दोष देतो. आज्ञावली-लेखनात नापास झालेला आपल्या बुद्धीला दोष देतो.

ही समजूत विद्वानांतही होती. २००६ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठातील सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नाट ह्यांचा एक निबंध प्रसिद्धीपूर्व मसुद्याच्या रूपातच जगभर फिरला. उंटाच्या दोन मदारींची उपमा त्याच्या शीर्षकातच होती. शिकविण्यास आरंभ करण्यापूर्वीच एक छोटी चाचणी घेऊन कोणास हा विषय येईल आणि कोणास येणार नाही हे सांगता येते, असा त्याचा दावा होता. वर्गाचे दोन भाग पडलेले ज्यांनी पाहिले होते, त्या शिक्षकांस तो चटकन पटला. पुढील पडताळण्यांत मात्र त्या चाचणीचा असा निर्णायक प्रत्यय आला नाही, आणि २०१४ मध्ये बोर्नाट ह्यांनी तो दावा जाहीरपणे मागे घेतला. असा प्रांजळपणा विरळा. परंतु दावा जितका दूरवर गेला तितके त्याचे खंडन गेले नाही, आणि ‘काहींना ते जन्मतःच येते’ हे वाक्य अद्यापही शिक्षकांच्या खोलीत ऐकू येते.

जन्मजात बुद्धीचा प्रश्न बाजूस ठेवला, तर अडचण नेमकी कोठे आहे? ह्याचा छडा दोन टप्प्यांत लागला. २००१ मध्ये मायकेल मॅक्क्रॅकन व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतील २१६ विद्यार्थ्यांस, त्यांचा पहिला अभ्यासक्रम संपल्यावर, साध्या गणनयंत्रासारखी आकडेमोड करणारी आज्ञावली लिहावयास दिली. ११० गुणांपैकी सरासरी २३ गुणसुद्धा पडले नाहीत. विद्यार्थ्यांस प्रश्नाची फोड करता येत नाही, असा तर्क तेव्हा झाला. त्यावर सिडनीचे रेमंड लिस्टर आणि सात देशांतील त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक साधी शंका काढली. त्यांनी विद्यार्थ्यांस काहीच लिहावयास सांगितले नाही. तयार आज्ञावलीचे लहान तुकडे देऊन, हे चालविल्यावर काय उत्तर येईल, किंवा येथे कोणती ओळ गळली आहे, एवढेच विचारले. येथेही पुष्कळ विद्यार्थी अडखळले. ज्यास चार ओळी वाचून त्यांचा परिणाम सांगता येत नाही, त्याच्याकडून चाळीस ओळींच्या रचनेची अपेक्षा ठेवणे म्हणजे अक्षरओळख नसलेल्यास निबंध लिहावयास लावण्यासारखे आहे. तरीही बहुतेक पाठ्यपुस्तकांतील पहिल्याच धड्याखालचा स्वाध्याय ‘आज्ञावली लिहा’ असाच असतो.

वाचता येणे म्हणजे येथे शब्द उच्चारता येणे नव्हे. एकेक ओळ यंत्राच्या आत काय घडविते, ते मनासमोर उभे करता येणे, हे खरे वाचन. पुढील तीन ओळी पाहाव्यात. पहिली : अ = १०. दुसरी : ब = २०. तिसरी : अ = ब. आता अ आणि ब ह्यांच्या किमती किती? कोणी म्हणतो, दोघांची अदलाबदल झाली. कोणी म्हणतो, ब मधील २० उचलून अ मध्ये गेले, म्हणून ब रिकामा झाला. कोणी म्हणतो, १० आणि २० समान नाहीत, तेव्हा हे विधानच खोटे आहे. बरोबर उत्तर, दोहोंतही २०, हे आहे. परंतु चुकीच्या उत्तरांकडे नीट पाहिले तर असे दिसते, की त्यांतील एकही अविचाराने आलेले नाही. प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात एक यंत्र आहे आणि त्या यंत्राच्या नियमांनुसार त्याचे उत्तर अगदी बिनचूक आहे. एवढेच, की समोरच्या टेबलावरील यंत्र ते नव्हे. ब्रिटिश संशोधक बेनेडिक्ट डु बुले ह्यांनी १९८० च्या दशकात ह्या मनातल्या यंत्राला नाव दिले, आणि ते विद्यार्थ्याच्या मनात बरोबर बांधणे हे अध्यापनाचे एक मुख्य काम ठरविले.

ते बांधावयाचे कसे? पुष्कळ पुस्तके चलाला, म्हणजे किंमत धारण करणाऱ्या नावाला, डब्याची वा भांड्याची उपमा देतात. ही उपमा चांगली नाही. एका भांड्यातले ताक दुसऱ्यात ओतले की पहिले रिकामे होते. आणि एका डब्यात दहा लाडू असता आणखी वीस घातले तर तीस होतात. ह्या दोन्ही चुका नवशिके विद्यार्थी नेमक्या करतात. त्याहून आपली शाळेतली पाटी बरी. पाटीवर एका वेळी एकच संख्या मावते असे ठरवावे. नवी लिहावयाची तर जुनी पुसावी लागते. दुसऱ्या पाटीवरची संख्या पाहून उतरवून घेतली, तर त्या दुसऱ्या पाटीवरचे काही पुसले जात नाही. चलाचे सारे मर्म ह्यात आले. अदलाबदल करावयाची तर तिसरी पाटी का लागते, हेही मुलास कोणी न सांगता कळते. कारण दोनच पाट्या असता पहिली पुसताच तिच्यावरची संख्या कायमची गेलेली त्यास प्रत्यक्ष दिसते.

बरोबरीच्या चिन्हाने होणारा घोटाळा तर गणिताच्या तासातूनच आलेला असतो. सहावी-सातवीत मूल शिकते, की हे चिन्ह म्हणजे तराजूची दोन समतोल पारडी. आणि संगणकाच्या तासाला त्यास ‘एकूण = एकूण + क’ असे लिहिलेले दिसते. बीजगणिताच्या दृष्टीने, क शून्य नसेल तर, हे निखालस असत्य आहे. ज्या मुलाने गणित मनापासून शिकलेले असते तेच येथे अधिक बिचकते. त्याच्या बिचकण्यात मंदपणा पाहणाऱ्या शिक्षकाची मात्र कमाल म्हटली पाहिजे. ही ओळ उजवीकडून वाचावी, हे त्यास सांगितले पाहिजे : ‘एकूण’ च्या पाटीवर आता जे आहे ते वाचा, त्यात क मिळवा, आलेले उत्तर पुन्हा त्याच पाटीवर, जुने पुसून, लिहा. ‘एकूण’ ० ठेवून क ला क्रमाने १, २, ३, ४ ह्या किमती दिल्या, तर पाटीवर १, ३, ६ आणि १० असे आकडे एकामागून एक येतात. हे चारही आकडे विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने एकदा लिहिले, की पुनरावृत्ती, म्हणजे ज्यास लूप म्हणतात ती, त्याच्या हाती लागते. केवळ ‘१० येते’ असे सांगून ती लागत नाही.

आणखी एक भ्रम सर्वांत खोल रुजलेला असतो. विद्यार्थी एका चलाला ‘सर्वांत_मोठा’ असे नाव देतो, आणि संगणक आपण होऊन सर्वांत मोठी संख्या त्यात आणून ठेवील अशी वाट पाहतो. अमेरिकन संशोधक रॉय पी ह्यांनी १९८६ मध्ये ह्या प्रकारच्या चुकांचा मागोवा घेऊन दाखविले, की त्या सर्वांच्या मुळाशी एकच कल्पना असते : यंत्रात कोठेतरी एक समजूतदार मन दडलेले आहे आणि ते लिहिणाऱ्याचा हेतू ओळखते. माणसांत वाढलेल्या मुलाने असे मानणे अगदी साहजिक आहे. घरात अर्धे वाक्य बोलले तरी आईस कळते. यंत्रास कळत नाही, हे उपदेशाने पटत नाही. स्वतः यंत्र होऊन पाट्या पुसल्या आणि लिहिल्या, की पटते.

तबल्याचा गुरू शिष्याचा हात तबल्यावर बसविताना बोलही त्याच्या तोंडी बसवितो; हाताने ताल धरून कायदा मुखोद्गत पढता आला, की तोच बोल बोटांतून नीट निघतो. आज्ञावली-शिक्षणात अशी पढंत फारच थोड्या ठिकाणी करवून घेतली जाते. तिचे प्रकार मात्र आता सिद्ध आहेत. तयार आज्ञावली पुढे ठेवून, चालविण्यापूर्वी, उत्तर काय येईल ते वहीत लिहून घ्यावे. मग चालवून ताडून पाहावे. मग तिच्यात एखादा लहानसा बदल करावा. आणि त्यानंतर स्वतःची लिहावी. इंग्लंडमध्ये सू सेंटन्स ह्यांनी शालेय वर्गांसाठी साधारण ह्याच क्रमाची पद्धत रूढ केली. दुसरा प्रकार न्यूझीलंडच्या ओटागो पॉलिटेक्निकमधील डेल पार्सन्स व पॅट्रिशिया हेडन ह्यांनी २००६ मध्ये सुचविला. आज्ञावलीच्या ओळी उलटसुलट करून द्यावयाच्या आणि विद्यार्थ्याने त्या योग्य क्रमाने लावावयाच्या. ओळी कागदाच्या पट्ट्यांवर लिहिल्या तर ह्यास यंत्रही लागत नाही. पुढे झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की ह्या रीतीने कमी वेळात जवळपास तेवढेच शिकणे होते. स्वल्पविराम आणि कंस ह्यांशी झुंजण्यात जाणारा वेळ वाचतो, हे त्याचे कारण उघड आहे.

ह्यावर एक आक्षेप घेतला जाईल : वाचून वाचून मुले कंटाळतील, त्यांस निर्मितीचा आनंद हवा. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर कासवापाशी आहे. १९६७ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वॉली फर्झाइग, सिमॉर पेपर्ट आणि सिंथिया सॉलोमन ह्यांनी मुलांसाठी लोगो नावाची भाषा तयार केली. थोड्याच वर्षांत तिच्यात आज्ञेनुसार चालून मागे रेघ काढणारे कासव आले. ‘पुढे १००, उजवीकडे ९०’ हे चार वेळा केले की चौरस होतो. मग मुलास त्रिकोण काढावयास सांगावा. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे त्यास पाठ असते. म्हणून ते तीन वेळा ‘पुढे १००, उजवीकडे ६०’ लिहिते. पडद्यावर त्रिकोण उमटत नाही, तर षट्कोनाचा अर्धा भाग उमटतो. येथे चतुर शिक्षक उत्तर सांगत नाही. तो मुलास जमिनीवर खडूने त्रिकोण आखून त्यावरून चालावयास लावतो. कोपऱ्याशी पोहोचल्यावर आपले तोंड किती फिरले, हे मुलास अंगानेच कळते : ६० नव्हे, १२०. कासवाने वळावयाचा कोन हा बाहेरचा कोन. ही चूक म्हणजे भूमितीचा एक संपूर्ण पाठ आहे, आणि तो चुकल्यावाचून मिळाला नसता. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील प्राध्यापक अभिराम रानडे ह्यांनी सी प्लस प्लस सारखी अवघड समजली जाणारी भाषा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांस शिकवितानाही आरंभ कासवापासूनच केला, हे येथे सांगण्याजोगे आहे. निर्मिती आणि वाचन ह्यांत वैर नाही. पेपर्ट ह्यांच्या काही अनुयायांनी मुलांस मोकळे सोडले की सारे आपोआप येते असे मानले. अनुभव तसा नाही. कासवही, त्याची पावले कोणी मोजावयास लावली तरच शिकविते.

चुकीचा संदेश हा तर नवशिक्याच्या वाटेतील मोठाच धोंडा. लाल अक्षरांतील इंग्रजी वाक्य पाहताच मूल ते वाचण्याऐवजी मान खाली घालते, जणू यंत्राने त्यास रागे भरले. पुष्कळदा दोष एका ओळीत असतो आणि यंत्र पुढच्या ओळीकडे बोट दाखविते. न मिटलेला कंस हा त्याचा नेहमीचा मासला. दहा-बारा चुका मुद्दाम करून, त्यांचे संदेश वहीत मातृभाषेतील अर्थासह उतरवून ठेवण्याचा एक तास जरी घेतला, तरी ही धास्ती ओसरते. एकूणच, इंग्रजीची भीती गरजेपेक्षा मोठी करून ठेवलेली आहे. पायथन भाषेतील राखीव शब्द अवघे ३५ आहेत. तेवढे शब्द कोणत्याही मुलास पाठ होतील. समजावून सांगणे मात्र ज्या भाषेत मूल विचार करते त्या भाषेत व्हावयास हवे. मुंबईच्या त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने पडद्यावरील पाठ तसाच ठेवून त्यावरील निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित केले; विद्यार्थी थोडे ऐकतो, थांबवितो, स्वतः करून पाहतो. हा मार्ग शाळांनी अनुसरण्यासारखा आहे.

वर्गाचे जे दोन भाग पडतात त्यांविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पुढे धावणारे विद्यार्थी बहुधा पूर्वी कोठेतरी शिकून आलेले असतात. ज्याच्या घरी संगणक आहे आणि ज्याने तो प्रथमच पाहिला आहे, ते दोघे एकाच बाकावर बसतात, आणि पूर्वपरिचयाला बुद्धी असे नाव मिळते. कॅलिफोर्नियातील हार्वे मड महाविद्यालयाने २००६ च्या सुमारास पूर्वानुभव असलेल्यांचा आणि नसलेल्यांचा वर्ग वेगळा केला, अभ्यासक्रमही सोपा नव्हे पण अधिक अर्थपूर्ण केला, आणि इतरही काही उपाय योजले. संगणकशास्त्र घेणाऱ्यांतील मुलींचे प्रमाण तेथे काही वर्षांतच सुमारे १० टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या आसपास गेले. मुलींची बुद्धी पाच वर्षांत बदलली, असे कोणी म्हणणार नाही.

भारतीय शाळेत यंत्रे थोडी आणि मुले फार, ही तक्रार खरी आहे. १९८४ मध्ये निवडक शाळांत बीबीसी मायक्रो यंत्रे देऊन संगणक-साक्षरतेचा पहिला राष्ट्रीय प्रयोग झाला, तेव्हापासून ती ऐकू येते. परंतु एका यंत्रापुढे दोघे बसणे हे संकट नव्हे. एकाने टंकित करावे, दुसऱ्याने प्रत्येक ओळ तपासावी, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी जागा बदलाव्यात. अशा जोडीने शिकलेले विद्यार्थी विषय सोडून देण्याचे प्रमाण कमी असते, असे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेतील अभ्यासांत दिसून आले. जागा बदलणे मात्र अनिवार्य आहे. नाहीतर कळफलक घरी संगणक असलेल्याच्याच हाती राहतो आणि दुसरा तास संपेपर्यंत खिडकीबाहेर पाहतो. हार्वर्डचे भौतिकीचे अध्यापक एरिक मझूर ह्यांनी रूढ केलेली एक पद्धतही येथे उपयोगी पडते : प्रश्न विचारावा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यावे, मग शेजाऱ्याशी वाद घालावा, आणि पुन्हा उत्तर द्यावे. सॅन डिएगो येथे संगणकशास्त्राच्या चार अभ्यासक्रमांत ती वापरल्यावर नापासांचे प्रमाण सरासरी २० टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिला हात वर करण्यापलीकडे साधन लागत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आल्यापासून कोणतेही मूल दोन वाक्यांत मागणी करून चालती आज्ञावली मिळवू शकते. तेव्हा हे सारे शिकावेच कशाला, असे विचारले जाते. मिळालेली आज्ञावली बरोबर आहे की नाही, हे कोणी ठरवावयाचे, ह्या प्रश्नाचे उत्तर प्रश्नकर्ते देत नाहीत. ती यंत्रे चुकीचेही तितक्याच आत्मविश्वासाने लिहितात. ज्यास वाचता येते त्यास ती साहाय्यक; ज्यास येत नाही तो त्यांच्या हाती.

परीक्षेत जोवर ‘आज्ञावली लिहा’ हाच एक प्रश्न राहील, तोवर विद्यार्थी पंचवीस आज्ञावल्या पाठ करून येतील आणि त्या पानावर उतरवून उत्तीर्णही होतील. प्रश्नपत्रिकेचा निदान अर्धा भाग उत्तर सांगा, दोष शोधा, ओळी क्रमाने लावा अशा प्रश्नांना देण्यास कोणत्याही मंडळास खर्च येत नाही. आणि ज्या शाळेत संगणक-कक्ष आठवड्यातून एकदाच उघडतो, तेथे उरलेल्या दिवशी चार मुले आणि तीन पाट्या पुरेशा आहेत : एकाने फळ्यावरची आज्ञावली ओळीओळीने वाचावी, तिघांनी आपापल्या पाटीवर पुसावे आणि लिहावे, आणि वाचणाऱ्याची एखादी ओळ सुटली, तर पाटी धरणाऱ्याने त्यास तेथेच थांबवावे.